इंदुताईंच्या स्वयंपाकघरातली नदी

पहाटे शेकोटी विझते आणि थंडीनं मला जाग येते. प्राणहितेच्या वाळूवर, तंबूबाहेरच, मी घोंगडी डोक्यावरून ओढून घेते. डोळा लागतो न लागतो, तोच कुणीतरी हाक मारतं.

"कुंदा, चहा घेतेस ना गं?"

इंदुताई बोम्मावार. या नदीतली कासवं ओळखायला, जाळ्यातून जिवंत सोडवायला मला त्यांनीच शिकवलं. गेल्या आषाढात त्या वारल्या. झोपेतही मला हे ठाऊक आहे.

आम्ही त्यांच्या चंद्रपूरच्या स्वयंपाकघरात आहोत. त्या ओट्यापाशी उभ्या, पदर खोचलेला. फरशीवर पाणी आहे. घोट्याला लागतं, मग गुडघ्याला. भिंती होत्या तिथं आता नदीचे दोन्ही काठ आहेत.

"तंबू कधी उचलतेस?"

"आजच. कासवीण इथं अंडी घालायला येईनाशी झाली, ताई. सगळे म्हणतात, राखण करायची तरी कशाची?"

"आणि तू काय म्हणतेस?"

"तुम्ही गेल्यापासून मला नदीतलं काही कळेनासं झालंय."

त्या हसतात. माझा हात धरून पाण्याखाली नेतात. तळव्याखालून काहीतरी सरकू लागतं. गार, चिवट, ओल्या कातड्यासारखं. ती पाठ संपतच नाही. ओटा, अंगण, सगळा काठ तिच्यावर मावेल. मग लांब मान वर येते, नळीसारखं नाक पाण्याबाहेर निघतं, एक उच्छ्वास सुटतो. तेवढ्यानं अख्खी नदी हलते.

"ही केव्हापासून आहे?" मी कुजबुजते.

"नदीला कुणी नाव ठेवलं नव्हतं, तेव्हापासून. तू काय हिला राखणार! पण कुणीतरी जवळ असावं गं."

"तुम्ही थांबा ना."

"मला पलीकडं जायचंय." माझा हात सोडून त्या कासविणीच्या पाठीवर बसतात, बैलगाडीत बसावं तशा. मागं वळून बघत नाहीत.

तांबडं फुटलंय. घोंगडीवर दंव पडलंय. माझ्या उशापासून हातभर अंतरावर वाळू नुकतीच उकरून पुन्हा थापलेली आहे. तिथून एक रुंद, ओला माग खाली उतरत गेलाय, दोन्ही बाजूंना नखांचे ओरखडे.

थापलेल्या वाळूला मी हात लावत नाही. अनवाणी, मागाच्या कडेकडेनं पाण्यापर्यंत चालत जाते.

शेवटच्या ओरखड्यात अजून पाणी भरतंय.