बुजलेल्या मिठागरातली अंडी

सर वारले आणि त्यांच्या बरण्या माझ्याकडे आल्या. लोणच्याच्या असतात तशा काचेच्या, आणि त्यांत मिठाच्या पाण्यात पोहणारे आर्टेमिया, म्हणजे मिठागरात वाढणारे नखाएवढे झिंगे. सरांनी ते तरुणपणी कोकणातल्या एका मिठागरातून आणले होते. पुढे भराव घालून ते मिठागर बुजवलं, वर इमारती आल्या. या जातीत नर जवळजवळ नसतातच. मादी एकटीच माद्या जन्माला घालते, हुबेहूब स्वतःसारख्या. ही जात आता फक्त आमच्या विद्यापीठातल्या फळीवर उरली आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

माझी विद्यार्थिनी करमाडची, दोन मुलांची आई, नोकरी सांभाळून पीएच.डी. करणारी. सरांनी तेव्हाच स्पिरिटमध्ये घालून ठेवलेल्या झिंग्यांचा जीनोम वाचून घ्यायचा आणि ही जात ओळखायच्या खुणा, म्हणजे मार्कर, तयार करायचे, हे तिचं काम. मार्कर तयार झाले. मग तिने ते बरण्यांतल्या जिवंत झिंग्यांवर लावून पाहिले.

"मॅडम, मेलेले जुळले," ती म्हणाली. "जिते नाय जुळत."

"परत कर."

"केलं. बरण्या बदलून केलं. एक बी नाय."

बरण्यांत परदेशी जात होती. शोभेच्या माशांच्या दुकानात जिची अंडी डबाबंद मिळतात, ती. मुलांच्या प्रात्यक्षिकांसाठी आम्ही ती आणत असू. कशी शिरली ते शोधायला वेळ लागला नाही. या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. म्हणून सरांचा नियम होता: झिंगे गाळायची चाळणी सगळ्या बरण्यांना एकच, टबात एकदा विसळायची आणि उन्हात कडक वाळवायची. दुसऱ्या कुठल्याही जिवाला तेवढं ऊन पुरतं. आर्टेमियाची अंडी मात्र वाळली की वर्षानुवर्षं टिकतात. आम्ही ती वाळवून जपत होतो आणि पुढच्या बरणीत पेरत होतो.

मग मला ते नर आठवले. एका बरणीत मी त्यांना मादीला धरून पोहताना पाहिलं होतं. "क्वचित निघतो एखादा," सर म्हणाले होते. तेही खरंच आहे. पण त्यानंतर सर त्या बरणीपाशी पुष्कळ वेळ उभे राहायचे. त्यांना कळलं होतं का, हे विचारायला आता कोणी नाही. दुपारी हवेच्या पंपाचे बुडबुडे चालू असतात तेव्हा मागे कोणी उभं आहे असं वाटतं. मी वळून बघत नाही.

सरांनी मिठागरातून आणलेल्या मूळ अंड्यांची एकच नळी उरली होती, लाखेने बंद केलेली. ती फोडायची ठरवली.

"नाय फुटली अंडी, तर?"

"तर ती केव्हाच मेलीत. नळी न उघडल्याने जिवंत होणार नाहीत."

भिजवली, दिव्याखाली ठेवली. तपकिरी गाळ तळाला तसाच. टाकून देणार, तेवढ्यात उजेडाकडे एक ठिपका सरकला. एकच.

डीएनए काढायचा तर तो मारावा लागला असता आणि मग काहीच उरलं नसतं. मी त्याला बीकरमध्ये एकटं वाढवलं. मादी निघाली. परदेशी मादीला नराशिवाय पिल्लं होत नाहीत. हिला झाली, तर ही तीच.

विद्यार्थिनी रोज घरून फोन करायची, "हाय ना?" एवढंच. एका सकाळी तिने भिंग लावलं आणि ओरडली, "मॅडम, पोटुशी हाय ओ! बारशाच्या घुगऱ्या भिजत घालू?"

"आधी सुखरूप सुटू दे."

सुटली. बीकरभर ठिपके पोहू लागले. त्यांतल्या काहींवर मार्कर लावले. स्पिरिटमधल्या मेलेल्यांशी ते जुळले, जणू मधली वर्षं नव्हतीच.

आता त्याच खोलीत परदेशी बरण्या ठेवल्या असत्या तर पुन्हा तेच झालं असतं. मी हॉटप्लेटवर पाणी ठेवलं.

"सर रागावतील," विद्यार्थिनी म्हणाली. रागावले असते, असं नाही म्हणाली. मीही तिला दुरुस्त केलं नाही. पहिल्या बरणीत उकळतं पाणी ओतलं. झिंगे लालसर होऊन तळाला बसले. बुडबुडे तेवढे चालू राहिले. मी दुसरी बरणी पुढे ओढली.