आईच्या डाव्या हाताचा हलवा

"स्ट्रोक आहे," वलसाडच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडाकडे धरली. "मेंदूच्या डाव्या बाजूची नस बंद झाली. म्हणून उजवी बाजू गेली, बोलणं अडकलं."

स्ट्रोक म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थांबणं, हे त्यांनी नीट समजावलं. मी मान हलवत होते, पण डोक्यात एकच होतं. आईचा उजवा हात.

तो हात डहाणू रोडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये सगळ्यांना ठाऊक होता. नव्या सुनेची पहिली संक्रांत असो की बाळाचं बोरन्हाण, हलव्याचे दागिने आमच्या आईकडूनच जायचे. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ, त्यावर चमचा चमचा साखरेचा पाक, आणि दाणे सतत फिरवणारी तिची बोटं. परात किती तापली हे ती बोटांच्या टोकांनीच ओळखायची. समुद्राच्या दमट हवेत हलव्याला काटा धरत नाही म्हणतात. तिच्या हलव्याला धरायचा. एका इंजिन ड्रायव्हरच्या नातवासाठी तर तिने हलव्याचं इंजिन केलं होतं, कापसाच्या धुरासकट. मी ते अख्ख्या शाळेला दाखवून आले होते.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती आणि येत्या संक्रांतीला माझ्या मुलीचं, आईच्या पहिल्या नातीचं, बोरन्हाण होतं.

दवाखान्यातून आईला मी तलासरीला माझ्याकडे आणलं. बाबाही आले. पुढचे आठवडे एसटी, बाकडी आणि नंबर लागण्याची वाट. कोणी काही विचारलं की मीच उत्तर द्यायची. जेवतात का? जेवते. झोप लागते? लागते. आई नुसती माझ्याकडे बघायची.

फिजिओथेरपी सुरू झाली. म्हणजे व्यायामाने हाताला पुन्हा शिकवायचं. खांदा हलू लागला, कोपर थोडं वाकलं, बोटं मात्र ढिम्म. "सेन्सेशन नाही," व्यायाम घेणाऱ्या फिजिओच्या बाई म्हणाल्या. म्हणजे स्पर्श, गरम, थंड काहीच कळत नाही.

मी म्हटलं, "आई, यंदा दादरहून तयार दागिने मागवू."

तिने असे डोळे वटारले की आजारी बाई मी आहे असं वाटावं.

दुसऱ्याच दिवशी तिने बाबांना शेगडी पेटवायला लावली. मी स्वयंपाकघरात आले तेव्हा तिने डाव्या हाताने उजवा हात धरून त्याची बोटं परातीत टेकवली होती. ताप बघायला. सवयच ती! चेहऱ्यावर काही नाही, आणि बोटांवर टरारून फोड. मी किंचाळले. आई बोटांकडे बघत राहिली आणि मग रडली. स्ट्रोकनंतर पहिल्यांदाच.

मलम लावताना फिजिओच्या बाई रागावल्या नाहीत. "आजी, ताप डाव्या हाताने बघा. तो शाबूत आहे." तुम्हालाही सांगते, तुमच्या घरी असा पेशंट असेल तर विस्तव, गरम पाणी, इस्त्री यांपासून बधिर हात जपा. त्याला दुखत नाही, म्हणून तो ओरडत नाही.

मग डाव्या हाताची शिकवणी लागली. त्याला ताप कळे, पण फिरवणं जमेना. पहिल्या घाण्याचे लाडू झाले. दुसरा जळला. बाबा पाक घालायला बसत. आईने बोट वर केलं की चमचा टाकायचा, आडवं केलं की थांबायचं. जन्मभर सिग्नल सांभाळलेला माणूस, आता बायकोच्या बोटावरून नजर हलवत नव्हता. "माझी नोकरी अजून संपली नाही," म्हणायचे.

तलासरीची हवा कोरडी, त्यात थंडी पडलेली. एका सकाळी दाण्यांवर बारीक, पांढरा काटा उभा राहिला. आईने परात माझ्यासमोर सरकवली.

दोऱ्यात ओवायचं काम माझं. ती बोटाने दाखवी, चुकलं की उसवायला लावी. बोरन्हाणाला काळ्या झबल्यावर मुकुट, हार, बांगड्या, कंबरपट्टा, सगळं होतं. मुकुट एका बाजूला कलला होता. लेकीने हाराचा अर्धा भाग तिथेच चोखून टाकला आणि आई वाकड्या तोंडाने खदखदून हसली. शेजारच्या गुजराती मावशी म्हणाल्या, "आवो हलवो तो में जोयोज नथी!" असा हलवा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. मला इतका अभिमान क्वचितच वाटला असेल.

संक्रांतीनंतर वलसाडला तपासणीला गेलो. उजवी बोटं आता बहुधा परत येणार नाहीत, असं डॉक्टर स्पष्टच म्हणाले. मी तिळगुळाची पुडी पुढे केली. त्यांनी हलव्याचा एक दाणा उचलला, काटा निरखला आणि मला विचारलं, "अरे वा! कोणी केला, बेन?"

मी तोंड उघडलं. आईने डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवून मला थांबवलं.

"मी," ती म्हणाली.