सिवेमाच्या माजलेल्या कोंबड्या

सिवेमाच्या कोंबड्या फार माजल्या होत्या. आमच्या पांगानी गावात माणसांच्या अंगाला मांस धरत नाही, आणि हिच्या कोंबड्या डुलत चालायच्या! विधवा बाई, एकटी राहते, शितसुद्धा वाया घालवत नाही. मग कोंबड्यांना घालते तरी काय?

त्यात दर शुक्रवारी माझ्या दारात अंडी. "घे गं तातू, शोमारीला उकडून दे."

माझ्या नवऱ्याची हिला एवढी काळजी का? मी हिला कधी चिमूटभर मीठ दिलेलं नाही. उगाच देणाऱ्याच्या मनात काहीतरी असतंच, असं मला तेव्हा वाटायचं. अजूनही वाटतं म्हणा.

दिसायला ती काही परी नव्हे. उंच, हडकुळी, चार शब्द विचारले तर एक बोलणारी. नवरा गेल्यापासून नदीच्या धक्क्याजवळ एका खोलीत राहायची. रात्री नारळाच्या दुधात चवळी शिजवायची ती मुद्दाम उरेल एवढी. मांजर तोंड घालू नये म्हणून झाकणावर दगड. सकाळी शेगडीवर कांदा परतायचा, त्यात ती चवळी आणि रात्रीचीच माठाची भाजी टाकायची, वरून लिंबू पिळायचं. झाली हिची न्याहारी! वास आख्ख्या गल्लीत.

"आली बघा किपोरोवाली," मी नाक मुरडायची. किपोरो म्हणजे रात्रीचं उरलेलं. माझ्या घरात शिळं सकाळ बघत नाही. मी अंधारात उठते, नारळाचं दूध आणि साखर घालून पीठ मळते, मांदाझी तळते. फुगलेले, गरमगरम. शोमारीची बायको आळशी आहे असं कुणी म्हणून तर दाखवावं!

शोमारी नदीवरच्या फेरीबोटीवर दोर बांधायच्या कामाला. मांदाझी फडक्यात बांधून न्यायचा. "बोटीवर बसून खातो," म्हणायचा. पण माणूस वाळत चालला होता. एवढं तुपट-तेलकट रोज खाणारा माणूस वाळतो कसा? आणि एक दिवस त्याच्या शर्टाला वास आला. परतलेला कांदा आणि लिंबू!

मग मी रोज शर्ट हुंगायला लागले. रोज तोच वास. रात्र-रात्र डोळ्याला डोळा लागेना. घर मोडतंय माझं, आणि मला कुणाजवळ बोलायचीही सोय नाही.

शेवटी एका सकाळी मी अंगावरचं कांग्याचं फडकं डोक्यावरून ओढून त्याच्या मागे निघाले. धक्क्याकडे न जाता तो सिवेमाच्या बोळात वळला. मी पोचले तर दार सताड उघडं. अहो, चोरी करणाऱ्यांनी दार तरी लावावं! आत शोमारी स्टुलावर बसून चवळी खातोय, आणि ही बया उंबऱ्यात बसून माझे मांदाझी कुस्करून कोंबड्यांना घालतेय.

"अगं सटवे!" मी ओरडले. "नवरा तर घेतलासच, वर माझे मांदाझीही?"

"मांदाझी मी खात नाही," सिवेमा म्हणाली. "कोंबड्या खातात."

"बघतेस काय तोंड वर करून? आणि तू रे, घशात घास अडकला का?"

शोमारीने ताटली खाली ठेवली. "मला साखरेचा आजार झालाय गं. दवाखान्यात सांगितलं, गोड-तळलेलं बंद. तू अंधारात उठून मळत बसतेस. तुला कसं सांगू?"

"मला नाही सांगता आलं, आणि हिला आलं?"

"मला कुणी नाही सांगितलं," सिवेमा म्हणाली. "धक्क्यावर त्याच्या पायाच्या अंगठ्याची जखम पाहिली. आमच्या ह्यांचीही तिथूनच सुरू झाली होती. बरी म्हणून होईना. मग पाय कापला. मग ते गेले." एवढं सलग बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. "मी रोज म्हणत होते, बायकोला सांग."

मी शोमारीच्या पायाशी बसले. त्याच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. इतके दिवस मी शर्ट हुंगत होते, आणि चिंधी मला दिसली नव्हती. मला फार रडू आलं. रागही आला, कुणाचा ते कळेना. सिवेमाने माझ्यापुढेही ताटली सरकवली. चवळी चांगली होती. मेलीच्या हाताला चव आहे.

आता माझ्याही भांड्याच्या झाकणावर रात्री दगड असतो. सकाळी शोमारी घरीच खातो, आणि वर म्हणतो, "लिंबू कमी पडलं." सिवेमा शुक्रवारी अजून अंडी आणते, पण कोंबड्या रोडावल्यात, अंडीही बारकी झालीत. मी आपली गुपचूप घेते.

संशय काही गेला नाही माझा. रोज संध्याकाळी शोमारीला दारात उजेडाला बसवते.

"काही नाही गं, बरी होतेय जखम," तो म्हणतो.

"तू नको सांगूस," मी म्हणते. "पाय दाखव."