घोड्यांवरचं कॉफीयंत्र

मावशीनं चर्चच्या मागच्या खोलीत कॉफीचं दुकान काढलं, ही बातमी आमच्या गल्लीत आधी दूधवालीला कळली, मग मला, आणि माझ्याकडून उरलेल्या सगळ्यांना. बातमी खोटी निघाली याचं मला फारसं दुःख नाही. इतक्या चविष्ट बातमीला दुकानदार तेवढा चुकीचा मिळाला. दुकान काढायला निघाले होते पाळकसाहेब. मावशी आडवी आली होती.

मावशी म्हणजे चर्चची झाडलोट करणारी, माझी भिंतीपलीकडची शेजारीण. जीभ तिखट, हात मऊ. आमच्याकडचे जिने इतके अरुंद की शवपेटी वळत नाही, म्हणून माणूस गेला की दफनाआधी त्याला त्या मागच्या खोलीत ठेवतात. सुताराकडे असतात तशा दोन लाकडी घोड्या, त्यांवर फळी, फळीवर माणूस. मावशी त्याला आंघोळ घालते, केस विंचरते आणि सगळा वेळ त्याच्याशी बोलते. माझ्या वडिलांची दाढी करताना म्हणाली होती, "काका, हनुवटी वर. जन्मभर कुणाचं ऐकलं नाहीत, आता तरी ऐका." मी रडता रडता हसलो होतो.

तर नवे पाळक. पोरगेलेसे, गोड, कुठलंसं शिबिर करून आलेले. येताना डोकंभर कल्पना आणि पांढऱ्या बुटांचा एक सल्लागार घेऊन आले. फळ्यावरचं वचन पुसून तिथं 'या महिन्याची भन्नाट कल्पना' आली. प्रभूनं बारा शिष्य घेऊन स्टार्टअपच काढला होता, असं एका रविवारी प्रवचनात ऐकलं आणि घासात केस सापडावा तसं झालं मला. आणि आमची मंडळी? माना डोलवत होती! बाकं रिकामी पडतायत ही भीती खरी आहे हो. पण बुडत्यानं काडी धरावी, कॉफीचा चमचा काय धरायचा?

"मागची खोली पडूनच असते," साहेब म्हणाले. "तिथं कॉफी ठेवू, तरुण येतील. कुणाला दुसरा उपयोग सुचत असेल तर शनिवारी सगळ्यांसमोर मांडा. मग ठरवू."

म्हणजे मेलेल्यांची बाजू मावशीनं मांडायची.

शनिवारी ती ओले हात पुसत उभी राहिली. सल्लागारानं विचारलं, "तुमची सेवा वाढणार कशी?"

"माणसं मरतात तशी."

"आणि ग्राहक पुन्हा यावा म्हणून काय करता?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मीच. पण त्या गृहस्थानं खरोखरच फळ्यावर लिहिलं, 'पुन्हा येणारे: शून्य', आणि खाली रेघ मारली. तेव्हा मात्र मी हसायचा थांबलो. त्या शून्यात माझा बाप होता.

एवढ्यात मागच्या दारात आमचा इस्त्रीवाला येऊन उभा राहिला. त्याची बायको दुपारी हॉस्पिटलमध्ये वारली होती. तिला घेऊन गाडी बाहेर थांबलेली. मावशी खोलीकडे वळली, मागोमाग आम्ही सगळे. दार उघडलं. घोड्यांवर, जिथं माणसं निजवतात त्याच फळीवर, नवंकोरं कॉफीयंत्र चकाकत बसलं होतं. वर लाल फीतसुद्धा! 'मग ठरवू' म्हणणाऱ्यांचं ठरून, बसवून झालं होतं.

साहेब गोरेमोरे झाले. "मावशी, आत्ताच बसवलंय, फार जड आहे. बाईंना थोडा वेळ गाडीतच राहू दे ना. एवढं संपलं की..."

ते यंत्र आता व्हरांड्यात असतं. कॉफी बरी असते, सांगायला लाज वाटते. ते बाहेर कसं गेलं याच्या गल्लीत बऱ्याच कहाण्या आहेत, पैकी निम्म्या माझ्या. खरं एवढंच की मावशीनं आवाज चढवला नाही. यंत्राखाली एका बाजूनं हात घातले आणि पाळकसाहेबांना म्हणाली,

"बाईला घाई नाही, साहेब. पण तिचा नवरा दारात उभा आहे. ती बाजू धरा."