दामूला बोट लागते

मुरब्यात, पालघरजवळच्या कोळ्यांच्या गावात, पोरगा चालायला लागला की पाण्यात जातो आणि पाण्यात गेला की होडीवर चढतो. हे त्याला कुणी शिकवत नाही. नामदेव असाच चढला. त्याच्या पाठचा दामूही चढला, आणि खाडीचं तोंड ओलांडायच्या आत त्यानं पोटातलं सगळं बापाच्या पायांवर ओकून टाकलं. पहिल्या खेपेला सगळे हसले. होतं एखाद्याला, म्हणाले. दुसऱ्या खेपेलाही हसले. पण दामूला मिसरूड फुटलं तरी ते थांबेना. आईनं लिंबू दिलं, भगताकडून गंडा बांधून आणला, कधी उपाशी पाठवलं तर कधी पोटभर जेवू घालून. किनारा जरा लांब गेला की त्याचं तोंड पांढरंफटक पडायचं. शेवटी बापच एके दिवशी म्हणाला, "याला उद्यापासून उठवू नका." बाप चिडला असता तर दामूला बरं वाटलं असतं. पण तो शांतपणे बोलला, आणि पुन्हा कधी त्याबद्दल बोललाच नाही.

बाप गेला, बोट नामदेवाकडे आली. दामू किनाऱ्यावर म्हाताऱ्यांबरोबर जाळी सांधत बसायचा. लग्न झालं तेव्हा हिराला वाटलं, नवऱ्याला ताप येऊन गेला असेल, म्हणून घरी आहे. पुढे तिला कळलं. तिनं पाटी उचलली. नामदेवाच्या बोटीतली मासळी पाटीत भरायची आणि पालघरच्या बाजारात नेऊन विकायची. घर तिच्या पाटीवर चालायचं. जेवताना दामू ताटातून मान वर काढत नसे.

तिनंच एकदा त्याला पालघरला नरहरीच्या फोटो स्टुडिओत नेऊन उभं केलं. पडदा ओढणं, फोटो धुणं, वाळत घालणं अशी कामं होती. अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, पाण्यातल्या कोऱ्या कागदावर हळूहळू माणसाचं तोंड उमटताना दामूनं पाहिलं आणि तो तिथलाच झाला. नरहरीनं जुना पेटीचा कॅमेरा त्याला देऊन टाकला. वरच्या भिंगात मान घालून बघायचं आणि पोटाशी धरून चाप ओढायचा, असा तो कॅमेरा. दामू सुट्टीच्या दिवशी सफाळ्यापर्यंत पायी भटकायचा. भात झोडणारी माणसं, स्टेशनावर टेकलेल्या बाया, जे दिसेल ते टिपायचा. बहुतेक फोटो बिघडायचे. का बिघडले ते सांगणारं कुणी नव्हतं.

त्या थंडीत केळव्याच्या सुरूच्या बनात मुंबईच्या हौशी फोटोवाल्यांचं शिबिर भरलं. शिकवायला बळवंत सर आले होते. मासिकांसाठी देशभर हिंडून फोटो काढणारा माणूस. नरहरीनं ओळखीनं दामूला आत घुसवलं. सकाळी सगळे वाळूत पांगायचे. दुपारी शाळेच्या खोलीत, खिडक्यांना घोंगड्या लावून, रोल धुवायचे. मग फोटो दोरीवर लटकवले जायचे आणि सर एकेकापुढे थांबायचे.

"सूर्य पाठीशी घेऊन उभे राहता, म्हणून माणसं पापडासारखी सपाट दिसतात," ते म्हणायचे. "बाजूनं उजेड घ्या. आणि घाई करू नका. माणूस तुम्हाला विसरेपर्यंत थांबा."

दामू थांबायला शिकला. सांज कललेली असताना हिरा बोंबील वाळत घालत होती, तो फोटो त्यानं दोरीवर लावला. सर त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले.

"कुठला रे तू?"

"मुरब्याचा. भाऊ तांडेल आहे, त्याची बोट आहे."

"होळीनंतर मी किनाऱ्या-किनाऱ्यानं फिरणार आहे. बंदरं, दीपगृहं, मासेमारी. वर्षभराचं काम. हाताखाली एक माणूस हवाय." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "हे चांगलंय. पण किनाऱ्यावरून समुद्र कुणीही काढतो. तू तर तांडेलाच्या घरातला. बोटीवरून काढून आण. जाळं ओढतानाचा. मग बोलू."

आपल्याला बोट लागते, एवढे शब्द तेव्हा तोंडातून निघाले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. पण आजूबाजूला मुंबईचे वकील-डॉक्टर उभे होते. "आणतो सर," दामू म्हणाला.

नामदेवानं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "दाम्या, तुला ठाव हाय ना?"

"एकदाच दादा."

त्या साली नामदेवानं बोटीला इंजिन बसवलं होतं. म्हणजे लाटांच्या जोडीला आता डिझेलचा वासही आला. तरी दामू दात आवळून उभा राहिला. पण त्यानं भिंगात पाहिलं आणि सगळं संपलं. त्या भिंगात डावं-उजवं उलटं दिसायचं. बोट उजवीकडे कलली की माणसं डावीकडे सरकायची. पायाखाली एक हालत होतं आणि डोळ्यांपुढे दुसरं. तो कठड्याला लटकला तो परत येईपर्यंत. रोल धुतला, तर कुठे तिरकं आभाळ, कुठे स्वतःचाच अंगठा.

होळी जवळ आली. दामूचं जेवणावरून मन उडालं. तो खाडीत गळाभर पाण्यात जाऊन उभा राहायचा, पोटाला सवय व्हावी म्हणून. कुणी सांगितलं म्हणून आल्याचे तुकडे चघळून तोंड भाजून घेतलं. पडवीच्या झोपाळ्यावर बसून झोके घ्यायचा आणि उतरून भिंत धरायचा. बाया पाणी भरता भरता बघायच्या. मुरब्यात राहिलो तर मरेपर्यंत हेच, त्याला वाटायचं. हिराची पाटी आणि आपलं खाली घातलेलं तोंड.

नामदेव पुन्हा न्यायला तयार नव्हता. मग हिरा गेली.

"भावोजी, त्यास्नी एकदा नेवा."

"मरेल तो, हिरा."

"इथं काय जगतात? तुमी रोज दर्यावर जाता. मी रोज त्यांच्याकडं बघते."

नामदेवानं जाळ्यावरची नजर उचलली नाही. "उद्या पहाटं येऊ दे त्याला," एवढंच म्हणाला.

त्या दिवशी वारा होता. दूरवर गेल्यावर जाळं ओढायला घेतलं, आणि जाळं जड लागलं. पापलेट. खलाशांच्या अंगात वारं संचारलं. दामू मात्र तेव्हा बोटीच्या तळाशी, साचलेल्या पाण्यात उताणा पडला होता. पोटात काही उरलं नव्हतं, तरी उमासे थांबत नव्हते. उठायचा प्रयत्न केला, हात घसरले. त्याला रडू आलं. इतक्या जवळ, हाताच्या अंतरावर ते सगळं चाललं होतं आणि त्याला मान वर करता येत नव्हती.

त्यानं कॅमेरा छातीवर आडवा ठेवला, पुढचं भिंग आभाळाकडे करून. वरच्या भिंगात बघणं शक्यच नव्हतं. डोळे मिटले, लाटेनं बोट उचलली की चाप ओढायचा, हातानंच रोल पुढे फिरवायचा, पुन्हा ओढायचा. मग त्याला उलटी झाली ती लाल होती.

"नामदेवा, रगत पडतं त्याचं," म्हातारा रामू खलाशी ओरडला. "पोरगा हातचा जातोय."

अर्धं जाळं अजून पाण्यात होतं. नामदेवानं एकदा जाळ्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे. मग जाळ्याच्या टोकाला तरंगा बांधून त्यानं ते समुद्रात सोडलं आणि बोट वळवली. दुसऱ्या दिवशी ते शोधायला गेले. तरंगा नव्हता, जाळंही नव्हतं.

दामू अंथरुणातून उठला तो थेट पालघरला गेला. सगळा रोल खाऱ्या पाण्यानं डागाळला होता. एकच चित्र वाचलं होतं. खालून दिसणारे उघडे पाय, ताणलेले हात, आभाळभर पसरलेलं जाळं आणि त्यात चमकणारी मासळी. नामदेवाचं तोंड ओरडण्यासाठी उघडलेलं. नरहरीनं फोटो उजेडाला धरला आणि म्हणाला, "हा तू काढलास?"

बळवंत सर पालघरला आले तेव्हा त्यांनीही फोटो खूप वेळ पाहिला. "असा कुणी काढलेला नाही," ते म्हणाले. "चल. पुढच्या आठवड्यात निघू. मुंबईहून आगबोटीनं रत्नागिरी, मग मालवण. दीपगृहांना तर होडीशिवाय वाटच नाही."

"सर, मला बोट लागते."

सर हसले. मासेमाराचा पोर थट्टा करतोय असं त्यांना वाटलं. मग त्यांनी दामूचे खोल गेलेले डोळे पाहिले, पुन्हा फोटो पाहिला, आणि तो कुठून काढला असेल हे त्यांच्या ध्यानात आलं.

"आधी का नाही बोललास?"

दामूनं मान खाली घातली.

"वर्षभर समुद्रावरच काढायचंय रे," सर म्हणाले. त्यांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. पण माणूस त्यांनी दुसराच नेला.

फोटो घेऊन दामू घरी आला आणि कोपऱ्यात बसला. हिरानंच तो नामदेवाला नेऊन दाखवला. नामदेवानं हात पुसले, फोटो घेतला. स्वतःकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

"माझं जाळं हाय ह्यात," तो म्हणाला. फोटो त्यानं तिच्या हातात परत दिला. "ठेव तुमच्याकडं. मला नको." त्यानंतर सबंध हंगामभर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

तारापूरकडे वीजकेंद्राचं बांधकाम जोरात होतं. बोईसरात नगर-बीडकडची माणसं कामाला येऊन राहिली होती, आणि त्यांना गावी पाठवायला फोटो हवे असायचे. नरहरीनं तिथं पत्र्याच्या खोलीत दुसरं दुकान काढलं आणि दामूला बसवलं. पावसाळ्याच्या तोंडावर दामू आणि हिरा मुरबं सोडून निघाले. निरोप द्यायला नामदेव आला नाही.

बोईसरात पहिल्या दिवशी झुंबर नावाचा एक गवंडी आला. आई गोजराबाईला फोटो पाठवायचा होता. त्याला स्टुलावर बसायची लाज वाटत होती. दामू त्याला बाहेर घेऊन गेला, विटांच्या ढिगाशी उभं केलं, आणि तो विसरेपर्यंत थांबला. फोटो चांगला आला. झुंबर दुसऱ्या दिवशी चार जणांना घेऊन आला. दामूच्या हाताला काम मिळालं, पायाखालची जमीन हलत नव्हती. त्याला वाटलं, आता निभेल.

हिराला मात्र त्या खोलीत झोप लागेना. जन्मभर कानाशी असलेली लाटांची गाज तिथं नव्हती. पाटी उलटी करून भिंतीशी ठेवलेली होती. तिला विकायला मासळी कोण देणार? दामूनं एकदा विचारलं, "परत जायचं का तुला?"

ती चुलीपाशी बसली होती. तिनं लाकूड आत सारलं, फुंकर घातली. धुरानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुमी जेवून घ्या," ती म्हणाली.