टेकाडावरची एकच पवनचक्की

पुरुषोत्तमकाकांनी जन्मभर वारा मोजला, पण बोगद्यात. बेंगळुरूच्या एका सरकारी प्रयोगशाळेत भलामोठा पंखा वारा सोडायचा आणि काका काचेआडून विमानाच्या पंखांची मॉडेलं थरथरताना बघायचे. पस्तीस वर्षं! निवृत्तीनंतर मल्लेश्वरमच्या घरात त्यांचा जीव रमेना. रामनगरच्या पुढे त्यांची नारळ-आंब्याची बाग आहे. तिथल्या टेकाडावर पवनचक्की उभारायची, हा हट्ट त्यांनी धरला.

"एकच कशाला?" प्रमोदिनीकाकू म्हणाल्या. "दोन लावा. सोबत होईल बिचारीला."

"कर, चेष्टा कर. माझं पातं खऱ्या वाऱ्यावर फिरताना एकदा बघायचंय मला."

वर्षभर खांब रोवून त्यांनी टेकाडावरचा वारा टिपला. राहिली फक्त शेजारच्या सिद्धम्मांची सही. टेकाडाच्या पश्चिमेला त्यांचं रेशीमकिड्यांचं घर. त्यांची हरकत नाही असं लिहून आल्याशिवाय पंचायत अर्ज हातात घेईना.

एका रविवारी सकाळी सातलाच काका चोवीस पानी आराखडा घेऊन सिद्धम्मांच्या अंगणात हजर. मागे काकू आणि मी, त्यांची पुतणी.

"अक्का, आवाज फ्रिजएवढा. वादळात पडली तरी तुमच्या हद्दीत पडणार नाही. पक्ष्यांचं म्हणाल तर—"

"सरी, सार, सरी," म्हणजे बरं, बरं, म्हणत सिद्धम्मांनी त्यांना थांबवलं. "सावली कुठं पडणार?"

काकांनी पान उलटलं. आणखी एक उलटलं. मग चष्मा पुसला.

"सावली?"

सिद्धम्मा आम्हाला किड्यांच्या घरात घेऊन गेल्या. बांबूच्या गोल चटयांवर किडे कोश विणत होते, इवलीशी डोकी संथ डोलवत. बाईंनी पूर्वेच्या खिडकीवरचं गोणपाट जरा सारलं आणि उन्हात सूप धरून हलवलं. उजेड, अंधार. उजेड, अंधार. एकेक डोकं वर होऊन थबकलं.

"बघितलंत? थांबला की धागा तुटतो. तुटका कोश कोण घेणार माझा?"

काका चटईवर वाकून बघतच राहिले. मग लाजल्यासारखे हसले.

"अक्का, आमच्या बोगद्यात ऊन नव्हतं हो."

"हे तुझ्या चोवीस पानांत नाही होय रे, मोठ्या शास्त्रज्ञा?" काकू पुटपुटल्या. एरवी त्या काकांना अरेतुरे करत नाहीत.

पुढच्या रविवारी काका लांबलचक बांबू घेऊन आले. दिवसभर तो इथे रोव, तिथे रोव, चुन्याने सावली आख. सिद्धम्मा कट्ट्यावरून हुकूम सोडत होत्या. "स्वल्प मागं, सार! अजून!" मागं सरता सरता बांबू टेकाडावरून उतरला आणि उत्तरेला तळ्याजवळ जाऊन थांबला. तिथून सावली कोणत्याच वेळी किड्यांच्या घराकडे फिरकत नव्हती.

"वारा किती इथं?" काकूंनी विचारलं.

"निम्मा."

"म्हणजे बागेतल्या घरातले दिवे नाहीत."

"पंप चालेल." काकांनी घाम पुसला. "फिरेल गं. सावकाश फिरेल."

वर्षभराच्या आकड्यांवर त्यांनी स्वतःच्या पेनाने काट मारली आणि खाली नवी जागा लिहिली. सिद्धम्मांनी ती ओळ काकांकडून मोठ्याने वाचून घेतली, मग आणखी एकदा, आणि सही ठोकली.

"कधी फिरणार ही?"

"मंजुरी, खांब, पाती... वर्ष तरी जाईल, अक्का."

"वर्ष? तेवढ्यात माझी कोशांची पाच पिकं निघतात, सार. किड्यांना लावा कामाला!"