सहावं घर

बुराई नदीकाठच्या त्या छोट्या गावात कोकिळाताईंनी एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली. अक्षर सुंदर, म्हणून सरपंच योगराज त्यांच्याकडे आला. वेशीवर गावाच्या इतिहासाचा फलक लावायचा होता.

"चार ओळी लिहून द्या, अक्का. पुरात जुनं गाव गेलं, पाच घरं वर येऊन बसली, विहीर खोदली. बस."

हे सगळ्या गावाला पाठ होतं. तरी ताई वही घेऊन नव्वदीच्या भागाबाईंकडे गेल्या.

"बठ्ठा लोके पाच घरं सांगतस," म्हातारी म्हणाली. "मना सासरा सांगे, घरं सहा व्हतात, सहावं हसीबनं. विहीर त्यानीच खंदी. पानी लागनं, जमीन वाटाले बसनात, तवय त्याले काढी टाकं. त्याना तुकडा तुमनाच घरमा गया, माय."

त्या दिवसापासून ताईंना चैन पडेना. तव्यावर भाकरी करपू लागली. विहिरीजवळचा दोन एकराचा तुकडा त्यांच्या लग्नाच्या आधीपासून घरचा होता. मुलीचं कॉलेज त्यातल्या कापसावर झालं होतं. नवरा प्रेमराज म्हणाला, "शंभर वर्षांपूर्वीचं उकरून तुला काय मिळणार?"  ताईंचा हात मात्र वहीकडेच जायचा.

हसीबचं घर दोंडाईचाला गेलं, असं भागाबाईंकडून कळलं होतं; एका मंगळवारी त्या एस.टी.नं तिकडे गेल्या आणि विचारत विचारत हसीबच्या नातवापर्यंत पोहोचल्या. सत्तरीचे हाशमचाचा स्टेशनजवळ गाद्या भरायचे. अंगावरचा कापूस झटकत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आजोबा सांगायचे, पाणी लागलं तेव्हा सगळ्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं होतं," ते म्हणाले. "जाऊ द्या ताई. आम्हाला काही नको."

ग्रामसभेत ताईंनी फलकासाठीचा मजकूर वाचला; त्यात घरं सहा होती. तुकडा कोणाच्या घरात गेला, तेही वाचलं.  प्रेमराज मधेच उठून गेला. कुणीतरी ओरडलं, "उद्या ते सातबारा मागायला येतील!" भागाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या तेवढंच म्हणाल्या, "खरं शे."

फलक लागला. त्यावर पाच नाही, सहाही नाही. "काही कुटुंबे" असं होतं. योगराज म्हणाला, "अक्का, यापुढं माझ्या हातात नाही."

उद्घाटनाला ताई गेल्या नाहीत. त्या पुन्हा दोंडाईचाला गेल्या आणि झालं ते सांगितलं. हाशमचाचांनी सुई गादीत खोचून ठेवली. मग त्यांनी नातीला, माहेनूरला, हाक मारली.

"ताई, तुमच्या वहीतलं हिच्या वहीत उतरवून द्या. आजोबांचं नाव नीट लिहा. हिला वाचता येतं."

ताईंनी दोन पानं लिहून दिली. जमिनीचं लिहिताना पेन थांबलं; मग तेही लिहिलं. परतीच्या गाडीत जागा असूनही त्या दाराजवळ उभ्याच होत्या. घरी प्रेमराजशी तुकड्याबद्दल बोलायचं होतं, आणि सुरुवात कशी करावी ते गाव आलं तरी सुचलं नव्हतं.